विहिरीच्या काठावरची मुंगी

मुंगी दिसली ती वर्षाराणीलाच. दुसऱ्या कुणाला दिसली नसती, कारण चित्र एवढं मोठं करून, बोटाने सरकवत, कोपरान्‌कोपरा धुंडाळत बसायची सवय त्या घरात तिलाच होती. डाळीतला खडा, तनूच्या दुधावर पडलेलं चिलट, अर्धवट फिरवलेली गॅसची कळ, सगळं तिलाच आधी दिसायचं. सासूबाई, सिद्धम्मा, म्हणायच्या, "हिचे डोळे रातच्याला तरी मिटतात का न्हाई, देव जाणे."

दुपारची वेळ. दोन वर्षांची तनू मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. समोर लॅपटॉपवर विहीर उघडलेली, वरून पाहिलेली. दगडी पायऱ्या गरगरत खाली उतरत गेलेल्या आणि तळाशी पाण्याचा एक काळानिळा ठिपका. पाहता पाहता आपला तोल जाईल असं वाटावं, इतकी ती खोल. आणि काठावर, बादलीच्या शेजारी, बादलीएवढीच काळी मुंगी. सहा पाय, दोन मिशा, खाली बारीकशी सावलीसुद्धा.

वर्षाराणीने चित्र आणखी मोठं केलं. बादलीएवढी मुंगी कुठला माणूस काढील?

अशी शंका तिला एकदा आधीही आली होती. तनूच्या वेळी पुण्याची नोकरी सोडून ती लातूरला आली, तेव्हापासून ती एक गेम करत होती. चंद्री नावाची शेळी हरवते आणि एक लहान मुलगी तिच्या गळ्यातल्या घंटीच्या आवाजामागे शिवारातून, गल्ल्यांतून, विहिरींच्या काठाकाठाने फिरते, एवढीच गोष्ट. मुलगी कशी चालेल, घंटी कुठून वाजेल, हे सगळं तिने तनूच्या झोपांमध्ये लिहून काढलं होतं. पण चित्र काढायला तिचा हात चालत नसे. तिने काढलेली शेळी पाहून नवऱ्याने, उमाशंकरने, "छान आहे की कुत्रं," म्हटलं होतं.

म्हणून चित्रकाराचा शोध. पुण्यातल्या एकाने तासाचा दर सांगितला, तो ऐकून तिने फोनच ठेवला. एकाला पैसे डॉलरमध्ये हवे होते. एकाने सुंदर नमुने पाठवले, निम्मे पैसे आगाऊ घेतले आणि जी चित्रं धाडली त्यातल्या एका म्हशीला पाच पाय होते. त्याने काढलंच नव्हतं काही, मशीनकडून काढून घेतलं होतं. विचारल्यावर नंबर बंद.

पुण्याच्या नोकरीतून साठवलेले जे पैसे उरले होते, त्यात आणखी एकच चित्रकार होण्यासारखा होता. तेही गेले, तर खेळ संपला. तसं तिनेच घरात सांगून टाकलं होतं, पाडव्यापर्यंत चित्रं झाली नाहीत तर लॅपटॉप मिटीन आणि औसा रोडवरच्या क्लासमध्ये शिकवायला जाईन. क्लासवाला तर तयारच होता. गंजगोलाईतल्या उमाशंकरच्या भांड्यांच्या दुकानात तो आला, की दरवेळी विचारायचा, "मॅडम कधीपासून येतात?"

अशात शिवकांता सापडली. निलंग्याच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीजवळचं कुठलंसं गाव. लग्नाआधी लातूरला एक वर्ष चित्रकलेचा कोर्स केलेला, पुढचं राहिलेलं. तिने एकच नमुना पाठवला होता, हीच विहीर, तेव्हा मुंगी नसलेली. वर्षाराणी कितीतरी वेळ त्या पायऱ्यांवरून डोळ्यांनी उतरत राहिली होती. मग फोन लावला.

"ताई, काम रोजानं देताव का गुत्त्यानं?" पलीकडून आवाज आला.

वर्षाराणी वाढली नांदेडला, वडिलांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. गुत्तेदार हा शब्द तिने वडिलांच्या तोंडून हजारदा ऐकलेला. एकूण कामाचा एक आकडा, एवढाच तिने अर्थ घेतला. "गुत्त्यानंच बरं."

पलीकडे कुणाला तरी काही विचारल्यासारखं कुजबुजणं ऐकू आलं. मग शिवकांता म्हणाली, "हाव. घेतलं गुत्तं."

निम्मे पैसे आगाऊ गेले. चित्रं येऊ लागली आणि वर्षाराणी थक्क होत गेली. शिवाराचे तुकडे, बाभळी, कडब्याच्या गंजी, चिंचेखालची सावली. एवढं भराभर एक बाई कशी काढते? मग तिच्या नजरेला दुसरंच दिसलं. चित्रात पट्टे होते. एका पट्ट्यातल्या झाडांची पानं ठिपक्यांची, त्याला लागून दुसऱ्या पट्ट्यात तीच पानं फटकाऱ्यांची, तिसऱ्यात वेलबुट्टीसारखी वळलेली. एकाच माणसाचा हात असा दर हातभर अंतरावर बदलतो का? तिने शिवकांताला निरोप धाडला, काढतानाचा एखादा व्हिडिओ पाठव.

उत्तर आलं, "व्हिडिओत मावणार न्हाई ताई."

आणि आता मुंगी.

"मी उद्या निलंग्याला जाऊन येते," संध्याकाळी तिने उमाशंकरला सांगितलं.

"तिला कळवलंस?"

"कळवलं तर काय दिसणार आहे मला तिथे?"

सिद्धम्मा शेंगा फोडत बसल्या होत्या. "खेळातल्या शेळीसाठी खरं लेकरू घेऊन उन्हातान्हात हिंडणार म्हण की," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनीच तनूची टोपी शोधली, धुऊन दोरीवर वाळत टाकली.

सकाळच्या एसटीत वर्षाराणीने तनूला खिडकीपासून लांब, आतल्या बाजूला घेतलं. पिशवीत पाण्याची बाटली, तापाचं औषध, दोन जादा झबली. बाहेर उसाच्या ट्रॉल्या कलंडतील अशा भरून चाललेल्या, प्रत्येक ट्रॉलीला ती तनूला आणखी जवळ ओढून घेत होती. निलंग्याहून पुढे रिक्षा. सबंध वाटेने ती बोलायची वाक्यं जुळवत होती. पैसे परत द्या, असं म्हणायचं, की आधी खरं सांगा, असं?

गावात शिरल्याबरोबर आडत दुकान होतं. दुकानाचे मालक, वीरण्णा, पायरीवर बसून दात कोरत होते. त्यांनी तिची पिशवी, चप्पल, कडेवरचं लेकरू असं सगळं पाहून घेतलं.

"सर्व्हेवाल्या का तुमी?"

"नाही. शिवकांताकडे आलेय."

"घरी कोण घावतंय आता? समद्या माझ्या ओट्यावर हायत. जा, त्या गोदामामागं. चपला काढून जावा पर. मला बी काढाय लावतेत, माझ्याच ओट्यावर."

गोदामामागे सिमेंटचा भलामोठा ओटा होता, सोयाबीन वाळवायचा. सोयाबीन केव्हाच विकून झालेलं, हरभरा अजून रानात उभा, त्यामुळे ओटा मोकळा. पण मोकळा नव्हता. त्यावर नऊ-दहा बाया एका ओळीत उकिडव्या बसल्या होत्या, खुरपायला बसतात तशा, पदर खोचून, आणि इंच इंच मागे सरकत होत्या. हातांत खुरप्याऐवजी खडू, रांगोळी, गेरूची वाटी, चुन्यात बुडवलेलं फडकं. त्यांच्या पुढ्यात, जिथून त्या सरकत मागे आल्या होत्या तिथे, ओट्याच्या पार टोकापर्यंत रंग पसरलेला. जवळून त्याचा काही अर्थ लागेना. इथे तपकिरी, तिथे हिरवं, मधूनच पांढरी वाट.

ओळीच्या पलीकडे, हातात मोबाईल आणि खांद्यावर रेघा आखायच्या दोरीचं वेटोळं घेतलेली एक लहानखुरी मुलगी मोठ्याने सांगत होती, "काकू, तुमच्या पातीत रस्ता वळतोय. बाभळ डावीकडं. पातीला पात लागू द्या."

पात. वर्षाराणी जागच्या जागी थांबली. खुरपायला बसलं की प्रत्येकीला रानाचा एक पट्टा येतो, ती तिची पात. चित्रातले पट्टे तिच्या डोळ्यांपुढून सरकले. ठिपक्यांची पानं, फटकाऱ्यांची पानं, वेलबुट्टीची पानं.

त्या मुलीने वळून पाहिलं. मोबाईलवर चेहरा पाहिलेला, ओळखायला वेळ लागला नाही. "अगं माय, ताई?" शिवकांता म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, चहाला दूध आहे का याची काळजी होती.

सगळ्या बाया वळल्या. त्यातली सगळ्यात म्हातारी, साखराबाई, ओळीत नव्हती. ती कडेला बसून विटा कुटून तांबडी पूड करत होती. तिने तनूकडे पाहून हात पसरले. "नोड, नोड, कूस आलंय बघा पावणं." हद्दीवरचं गाव, बोलता बोलता कानडी मध्ये यायचं; नोड म्हणजे बघ, कूस म्हणजे लेकरू.

"हे तुम्ही सगळ्याजणी काढताय?" वर्षाराणीने विचारलं.

"मग? गुत्तं घेतलंय न्हवं," शिवकांता म्हणाली. "तुमीच म्हणलाव, गुत्त्यानं. रोजानं म्हणला असता तर मी एकलीच बसले असते."

"गुत्तं म्हणजे एकूण पैसे ठरवायचे, एवढंच वाटलं मला."

ओळीतून हसू फुटलं. एक धिप्पाड बाई, शेजारणीला कोपरखळी मारत म्हणाली, "एकटीनं गुत्तं घेऊन काय करायचं वो बाई, रडायचं? गुत्तं टोळीचं असतंय. सोयाबीन काढा न्हाईतर चित्र काढा."

वर्षाराणीने तनूला दुसऱ्या कडेवर घेतलं. जुळवून आणलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "मला तर वाटलं," ती म्हणाली, "मशीनने काढलंय."

"मशीन हाय की," साखराबाईने गोदामाच्या कोपऱ्यातल्या धूळ खात पडलेल्या मळणीयंत्राकडे बोट केलं. "पर ते चित्र काढत न्हाई, बाई. लई दाणे फोडतंय."

"विहिरीपाशी मुंगी आहे," वर्षाराणी म्हणाली. "बादलीएवढी."

शिवकांताने कपाळाला हात लावला. "दिसली व्हय तुमाला? तवा साखराकाकूनं गुळाचा खडा ठेवला व्हता कडंला. फोटो काढताना वरून मला बी न्हाई दिसली. मुंगी खरी हाय, ताई. बादली खोटी."

"वरून म्हणजे कुठून?"

शिवकांताने गोदामाच्या स्लॅबकडे मान वर केली. भिंतीला लोखंडी शिडी टेकलेली होती. "या की. तुमचा गेम वरूनच दिसतोय न्हवं? मंग काढायचं बी वरून दिसंल असंच. माझ्याकडं मोबाईल हाय फक्त. एवढ्याशा काचेवर बोटानं रान कसं काढायचं? रान रानाएवढंच पायजे."

तनूला घेऊन शिडी चढायचं वर्षाराणीच्या मनातही येणं शक्य नव्हतं. आणि तनूला कुणाकडे देणं तर त्याहून नाही. पण तनू कडेवरून केव्हाच वाकून साखराबाईच्या विटांच्या पुडीकडे हात लांबवत होती. म्हातारीने तिला अलगद काढून घेतलं, जसं कुणी दोरीवरचं वाळलेलं लुगडं काढून घ्यावं. शिवकांतामागोमाग वर्षाराणी दोन्ही हातांनी शिडी धरून चढली. खाली बघायचं नाही, असं स्वतःला बजावत. वर पोचली, कठड्याला धरलं आणि मग खाली पाहिलं.

तिने दुसरा हातही कठड्यावर ठेवला.

खाली ओटा नव्हता. खाली शिवार होतं. ज्या वाटा तिने लातूरच्या खोलीत, तनू झोपली असताना, रेघांनी आखल्या होत्या, त्या वाटा तिथे होत्या, धुळीच्या, चाकोऱ्यांच्या. बांध होते. बांधांवरच्या बोरी होत्या. कडब्याच्या गंजीला सकाळची सावली होती आणि खऱ्या उन्हाने पडलेल्या गोदामाच्या सावलीशी ती बरोबर एका दिशेने पडली होती. हिरवा रंग एक नव्हता. हरभऱ्याचा वेगळा, ज्वारीचा वेगळा, उसाचा वेगळा. ज्या बाईने ज्वारीत जन्म काढला होता तिच्या पातीत ज्वारी होती. पातींच्या शिवणी इथूनही दिसत होत्या, पण आता त्या चुका वाटत नव्हत्या. खरं रान असंच तर दिसतं, प्रत्येकाच्या हाताचं वेगळं. आणि या सगळ्याच्या कडेला बाया, त्या स्वतः काढलेल्या झाडांपेक्षा मोठ्या, आभाळातून उतरून बसल्यासारख्या, अजून न झालेलं जग मागे सरकत सरकत करत होत्या.

तिने कठडा आणखी घट्ट धरला. हे आपण लिहिलं होतं? आपण तर फक्त कुठे वळायचं ते लिहिलं होतं.

"तनू," ती एकदम म्हणाली.

तनू साखराबाईच्या हातून सुटली होती आणि पांढऱ्या वाटेवरून चालत होती. अनवाणी. बायांपैकी कुणीही तिला अडवलं नाही, उलट त्यांनी हात थांबवले. पोरगी बांधावरून डावीकडे वळली, गंजीला वळसा घातला. कुणी तिला सांगितलेलं नव्हतं, पण ती वाटेवरूनच चालत होती, पिकात पाय टाकत नव्हती. कुणीतरी बाई हळूच तोंडाने घंटी वाजवल्यासारखा आवाज करू लागली, किणकिण, किणकिण. तनूने मान वळवली आणि आवाजाच्या दिशेने निघाली.

आणि वाटेत विहीर आली.

वर्षाराणीला ठाऊक होतं की ते सिमेंट आहे. सपाट, कोरडं, सोयाबीन वाळवायचं सिमेंट. तरी तिचा हात तनूला धरायला पुढे गेला. वरून ती विहीर खालपर्यंत खोल होती, पायऱ्या फिरत होत्या, तळाशी पाणी होतं. तनू काठापाशी आली आणि थांबली. लातूरच्या घरी शंभरदा ऐकलेलं 'मागे सर' तिला आठवलं असावं. ती एक पाऊल मागे सरली. मग उकिडवी बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, वाकली आणि आत हाक मारली.

"कूऽऽ."

उत्तर येईल म्हणून ती थांबली. धिप्पाड बाईच्या हातातला गेरूचा बोळा तसाच टपटपत राहिला. मग तनू उठली आणि विहिरीला धरून, काठापासून हातभर लांबून, पलीकडे गेली.

"माय गं," शिवकांता वर्षाराणीच्या शेजारी पुटपुटली. तिचाही हात कठड्यावर होता. "मी अजून कुणाला चालताना बघितलंच नव्हतं ह्यात."

वर्षाराणी खाली उतरली आणि आधी तनूजवळ गेली. विहिरीभोवती रांगोळीत तनूच्या पावलांचे ठसे उमटले होते. एकीने ते पुसायला फडकं उचललं.

"राहू द्या," वर्षाराणी म्हणाली. "त्यासकट फोटो काढा."

"मंग मुंगी?" शिवकांताने विचारलं.

"ती पण राहू दे."

चहा आला, गोदामाच्या पायरीवर. उरलेले पैसे तिने शिवकांताच्या मोबाईलवर टाकायला फोन काढला, तर साखराबाईने हात केला. "आता न्हाई. काम सरलं की इथंच यायचं आन समद्यांच्या तोंडावर द्यायचं. गुत्त्याचा पैका असा चोरून घेत न्हाईत."

"पहिले दिलेले..."

"वाटले की. समद्यांना सारखे."

वर्षाराणीच्या मनात आलंच. जिने विहीर काढली तिला आणि जिने विटा कुटल्या तिला, सारखे? तिने विचारलं नाही, पण म्हातारीने तिच्या कपाळावरची आठी वाचली असावी. "टोळीत हात मोजत न्हाईत, बाई," ती म्हणाली आणि बशीतला चहा भुरकला. "इहीर ह्या शिवकांतानं काढली, पर तवा हिचं लेकरू दिवसभर म्या सांभाळलं. आता सांग कुणी काढली."

मग नावांचा विषय निघाला. गेमच्या शेवटी सगळ्यांची नावं येतील, असं वर्षाराणीने सांगितलं, तर बायांत धांदल उडाली. एक म्हणाली, नवऱ्याचं नाव लावायचं का न्हाई? दुसरी म्हणाली, लाव की, मेल्याचं नाव कुठं तरी येऊ दे. धिप्पाड बाईने हात झटकले. "माझं नाव नगं. तो तांबडा बैल माझा हाय, एवढं लिव्हा."

"पण अजून अर्धं राहिलंय," वर्षाराणी म्हणाली. "नदी, बाजार, टेकडी. पाडव्याच्या आत होईल ना?"

शिवकांताने साखराबाईकडे पाहिलं, साखराबाईने पलीकडच्या रानाकडे. हरभरा पिवळा पडायला लागला होता.

"आठ-पंधरा दिवसांत हरभरा येतोय काढायला," शिवकांता म्हणाली. "त्याचं गुत्तं आधी घेतलंय, ताई. तुमच्या आधी. आन ओटा बी मंग वीरण्णा मामाला लागतोय. हरभरा निघाला, की बसतो आमी."

"म्हणजे पाडव्यानंतर."

"हाव."

वर्षाराणी उठून बाजूला गेली, गोदामाच्या भिंतीपाशी. शिडीचं लोखंड उन्हाने तापायला लागलं होतं. पाडवा हा शब्द तिनेच दिलेला होता. आतापर्यंत जेवढं झालं तेवढ्यावर दुसरा कुणी घेऊन उरलेलं पुरं करून घेता आलं असतं, शहरातला, रोजाने बसणारा. तिने ओट्याकडे पाहिलं. जिथे रंग संपत होता तिथे कोरं सिमेंट सुरू होत होतं, आणि शेवटची बाभळ अर्धीच होती, एका पातीपुरती.

ती पुन्हा शिडी चढली. या वेळी खाली बघत. वर जाऊन उमाशंकरला फोन लावला.

"अहो, पाडव्याला होत नाही."

दुकानात भांडी वाजत होती. "फसवलं का?"

"नाही. हरभरा निघाल्यावर होईल."

"कुणाचा हरभरा?"

"चित्रकारांचा."

उमाशंकर दुकानातल्या कुणाला तरी थांब म्हणाला. "सांग नीट."

तिला नीट सांगता येईना. तिने पात सांगितली, मुंगी सांगितली, विहिरीपाशी तनू थांबली ते सांगितलं.

"फोटो पाठव," तो अखेरीस म्हणाला.

"फोटोत मावणार नाही," ती म्हणाली आणि शिवकांताचंच वाक्य आपल्या तोंडून ऐकून हसली. "हरभऱ्यानंतर तुम्हीच या बघायला. आईंना पण आणा."

"मग क्लासवाल्याला काय सांगू?"

"नाही म्हणून सांगा."

"बरं." त्याने घसा साफ केला. "तनूनं खाल्लं का काही?"

तो नेहमीचा प्रश्न, आणि तो नेहमी तिचा असायचा. आज तिने तो विचारलाच नव्हता. तिने कठड्यावरून वाकून पाहिलं. साखराबाई विहिरीच्या काठावर मांडी घालून बसली होती आणि ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा तनूला घास घास भरवत होती. तनू तिच्या शेजारी होती, दोन्ही पाय विहिरीत सोडल्यासारखे पुढे पसरून, टाचांनी पाण्याच्या ठिपक्यावर हलकेच आपटत.

मागे सर, असं वर्षाराणीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"खातेय," ती फोनमध्ये म्हणाली, आणि वरून नुसती पाहत राहिली.